मधेच शाळा सुटणाऱ्या पोरांचा विचार करणारे वेस्ट मास्तर

इंग्रजीचा पेपर म्हटलं की पोरांच्या पोटात गोळा येतो. शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्येही तेच होतं. तिथं या दुखण्याच्या मुळाशी गेलेला माणूस मात्र इंग्रज होता.

मायकेल वेस्ट यांचा जन्म १८८८ चा. ऑक्सफर्डला शिकून ते सरकारी शिक्षण खात्यातून बंगालात आले आणि पुढं ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. बरीच पोरं दोन-चार वर्षांतच शाळा सोडतात आणि एवढी घोकंपट्टी करून हाती काहीच घेऊन जात नाहीत, हे त्यांना खुपलं. विमा मधेच बंद केला तरी थोडी रक्कम परत मिळते ना, तसं शिक्षणाचंही असावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आधी वाचायला शिकवा, बोलणं मागाहून, हा त्यांचा आग्रह. तो सगळ्यांना पटला नाही, आजही पटत नाही.

पुस्तकं तपासली तर खरा दोष दिसला. ओळीओळीला नवा शब्द, त्यातही जुन्या कवितेतले, कुणी न बोलणारे. वेस्ट यांनी ते काढून रोजच्या वापरातले घातले, नवे शब्द विरळ पेरले आणि एकदा आलेला शब्द पुन्हापुन्हा आणला. १९३५ मध्ये एंडिकॉट यांच्यासोबत त्यांनी शब्दकोश काढला. सुमारे २४ हजार नोंदींचे अर्थ फक्त १४९० शब्दांत सांगितले.

त्यांचं मोठं काम १९५३ चं, 'जनरल सर्व्हिस लिस्ट'. अमेरिकेत लोकांनी सुमारे ५० लाख शब्दांचा छापील मजकूर हातानं मोजला होता. कॉम्प्युटर नाही, काही नाही. त्या मोजणीवरून वेस्ट यांनी सुमारे दोन हजार शब्द निवडले आणि एका शब्दाचा कुठला अर्थ शेकडा किती वेळा येतो, तेही दिलं. मास्तरांना कळलं, कुठला अर्थ आधी शिकवायचा. नुसत्या आकड्यावर ते गेले नाहीत. कमी वेळा येणारा पण गरजेचा शब्द त्यांनी यादीत ठेवला.

१९७३ मध्ये वेस्ट वारले. त्यांची यादी पुढं जुनी झाली, त्यात कॉम्प्युटर हा शब्दच नव्हता. २०१३ मध्ये संशोधकांनी २७ कोटींहून जास्त शब्दांचा मजकूर मशीनवर मोजून नवी यादी केली. नाव मात्र वेस्ट यांचंच ठेवलं, पुढं फक्त 'न्यू' जोडलं.