स्वतःचं मूल नव्हतं, पण घरोघरच्या आयांना शाळेचं वेळापत्रक या बाईंनी आखून दिलं

लॉकडाऊनमध्ये पोरांना घरी शिकवायला बसलेल्या आईबापांना एक गोष्ट लगेच कळली. पुस्तकं आहेत, वेळही आहे, पण रोज काय आणि किती घ्यायचं तेच ठरत नाही. हा गुंता इंग्लंडमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वी शार्लट मेसन नावाच्या बाईंनी सोडवला होता.

जन्म १८४२ चा, वेल्समधला. मिसरूड फुटायच्या वयात पोरं हुंदडतात, त्या वयात बाईंचे आईवडील दोघंही गेले. मग पोटासाठी शिक्षिका झाल्या. लग्न केलं नाही. १८८५-८६ च्या हिवाळ्यात ब्रॅडफर्डमध्ये त्यांनी बायकांसमोर व्याख्यानं दिली, त्याचंच पुढे 'होम एज्युकेशन' हे पुस्तक झालं.

१८९१ मध्ये त्या अँबलसाइडला आल्या आणि तिथून चक्क टपालानं शाळा सुरू केली. दर सत्राला घरी अभ्यासक्रम यायचा: कोणती पुस्तकं, त्यातली किती पानं, कोणता विषय कधी. सत्र संपलं की प्रश्नपत्रिका. लहानग्यांनी तोंडी उत्तरं द्यायची, मोठ्यांनी ती जशीच्या तशी लिहून घ्यायची.

वेळापत्रक वाचलं तर आजच्या ट्यूशनवाल्यांना चक्कर येईल. सहा वर्षांपर्यंत रीतसर धडे नाहीतच. त्यानंतरही लहान मुलांचा एक धडा जास्तीत जास्त वीस मिनिटं. गणित झालं की लगेच तसाच डोकं शिणवणारा विषय नाही. दुपार मोकळी, शक्यतो घराबाहेर, झाडापाखरांत.

सगळ्यात भारी नियम वाचनाचा. उतारा एकदाच वाचायचा आणि मुलानं तो आपल्या शब्दांत सांगायचा. दुसऱ्यांदा वाचून मिळणार हे कळलं की मूल पहिल्यांदा लक्षच देत नाही, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं.

अर्थात हे सगळं कुणाला परवडायचं? ज्यांच्या घरी शिकवायला बाई ठेवलेली असे, त्यांना. हा आक्षेप खराच होता. पण १९१४ मध्ये यॉर्कशरमधल्या ड्रिगलिंग्टनच्या सरकारी शाळेनं हाच अभ्यासक्रम घेतला. तिथं खाणकामगारांची पोरं होती. ज्यांच्या घरात पुस्तकं नव्हती तीही एकदा ऐकलेला उतारा सांगू लागली, आणि मग आणखी सरकारी शाळा या वाटेनं आल्या. बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. जानेवारी १९२३ मध्ये अँबलसाइडलाच त्या वारल्या. टपाल मात्र पुढेही कित्येक वर्षं जात राहिलं.