समजून घ्या : एक्स-रे नसताना पाठीच्या कण्यातील गाठ कशी सापडली?

भाट्येत नारळ संशोधन केंद्र आहे, आजूबाजूला माडच माड. माडावरून कोणी पडले, की डॉक्टर बधिरपणा कुठपर्यंत आहे ते तपासतात. त्यावरून मज्जारज्जूला इजा कुठे झाली, ते कळते.

याच खुणेच्या भरवशावर लंडनचे सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८७ मध्ये मज्जारज्जूवरील गाठ काढली. अशी ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते.

हॉर्सली तेव्हा जेमतेम तिशीचे. पाय लुळे पडलेल्या लष्करी अधिकाऱ्याला तपासून विल्यम गॉवर्स यांनी गाठीचे निदान केले. एक्स-रेचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. ९ जूनला हॉर्सली यांनी पाठ उघडली, तर गाठ नाहीच! तिथेच टाके घालता आले असते. त्यांनी आणखी वरचे हाड काढले आणि गाठ मिळाली. रुग्ण पुढे चालू लागला, कामावरही गेला.

हाडातील रक्तस्राव थांबवणारे मेणही त्यांनीच रूढ केले.

पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात गेले. कोकणातल्या जवानांच्या मराठा पलटणीही त्याच आघाडीवर होत्या. जखमींचे हाल पाहून हॉर्सली वैद्यकीय सोयींसाठी भांडले. १६ जुलै १९१६ रोजी अमारा येथे उष्माघाताने त्यांचे निधन झाले.