दगडाला सूर लावणारा माणूस

दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात. पण इंग्लंडच्या उत्तरेला, केझिक नावाच्या छोट्या गावात, एका पाथरवटाने दगडाला चक्क सूर लावले. त्याचं नाव जोसेफ रिचर्डसन.

केझिकजवळच्या स्किडॉ डोंगरातले काही दगड ठोकले की घंटेसारखे वाजतात. हे आधीही माहीत होतं. १७८५ मध्ये पीटर क्रॉस्थवेट यांनी त्यांचं एक छोटं वाद्य केलं होतं. जोसेफना मात्र अख्खं मोठं वाद्य हवं होतं, ज्यावर कुठलीही रचना वाजवता येईल.

१८२७ च्या सुमारास त्यांनी सुरुवात केली आणि वाद्य पुरं व्हायला तेरा वर्षं लागली! दिवसा पोटासाठी काम आणि उरलेल्या वेळात डोंगरावर दगड शोधणं. सापडलेला दगड लांबीला कमी केला की सूर चढतो, मधोमध तासून पातळ केला की उतरतो. सतारीची तार पिळून पुन्हा सैल करता येते, जलतरंगाच्या वाटीत पाणी घालता-काढता येतं. दगडाचं तसं नाही. एकदा तासलेलं परत चिकटवता येत नाही. घरात ओढाताण होती, तरी त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली नाही.

१८४० मध्ये वाद्य तयार झालं. लांबच लांब चौकटीवर साठच्या आसपास दगडी पट्ट्या आणि ते वाजवायला जोसेफचे तीन मुलगे, शेजारी शेजारी उभे, हातात लाकडी हातोड्या. हँडेल, मोझार्टपासून नाचाच्या चालींपर्यंत सगळं ते वाजवायचे. पुढे त्यात पोलादी पट्ट्या आणि घंटाही आल्या. फेब्रुवारी १८४८ मध्ये तर बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीसमोर त्यांचा कार्यक्रम झाला. पाथरवटाची पोरं राजवाड्यात!

मग अमेरिकेचा दौरा ठरला. पण निघायच्या तोंडावर धाकटा मुलगा आजारी पडला आणि गेला. दौरा रद्द झाला. मला वाटतं, एका वादकाची जागा दुसरा घेऊ शकतो, पण घरच्याच वाद्यवृंदात रिकामी झालेली जागा भाऊ आणि बाप रोज बघतात. १८५५ मध्ये जोसेफही वारले.

१९१७ मध्ये त्यांच्या पणतूने ते वाद्य केझिकच्या संग्रहालयाला दिलं. ते अजून तिथे आहे.

रविवारी चर्चमध्ये आमचा कॉयर गातो, तेव्हा कुणाचा सूर हलला की आम्ही हसून पुन्हा सुरू करतो. ही गोष्ट वाचल्यापासून मला सारखं वाटतं, की पुन्हा सुरू करता येणं ही केवढी मोठी सवलत आहे. जोसेफना ती दगडाने दिली नाही आणि नशिबानेही नाही. तरी त्यांनी लावलेले सूर त्यांच्यामागे टिकले.