चेंडू चालला, हात चालला नाही

धरमपेठेत संध्याकाळी बॅटची पिशवी पाठीवर टाकून मुले सरावाला निघतात. आपल्या वस्तीत मात्र मुलाच्या हाती चेंडू दिसला की आईबाप आधी शिकवणीची आठवण देतात. शिक्षणाने समाज उभा राहिला, यात शंका नाही. पण मैदानही आपल्या हक्काचे आहे, हे आपण विसरलो. म्हणून बाळू पालवणकरांचे आयुष्य आम्ही येथे मांडत आहोत.

चर्मकार समाजातील बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर मैदान राखत. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना तासन्तास गोलंदाजी करायची. त्यातूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. फलंदाजी मात्र त्यांना कोणी करू दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घ्यावे लागले. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत हाती घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडू चालत होता, हात चालत नव्हता.

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरुण भीमरावांना या खेळाडूचा अभिमान होता. एवढे करूनही हिंदू संघाच्या कर्णधारपदी बाळूंची निवड कधीच झाली नाही. १९२० साली त्यांना वगळले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. ती मेहेरबानी नव्हती. भावांनी एकजुटीने मिळवलेला तो मान होता.

पुढे बाळू काँग्रेसच्या बाजूला गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. १९५५ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे राजकारण आम्हाला मान्य नाही. पण त्यासाठी त्यांचे मैदानावरचे कर्तृत्व पुसायचे काय? ज्यांनी त्यांना बाहेर चहा दिला, त्यांनी ते पुसले तर नवल नाही. आपण तरी तसे करू नये.

आमचे सांगणे साधे आहे. विहारालगतची मोकळी जागा केवळ मंडपासाठी आणि गाड्यांसाठी ठेवू नका. रोज एक तास ती मुलांना द्या, मुलींनाही द्या. जयंतीच्या वर्गणीतून दोन बॅट, एक फुटबॉल, कबड्डीची आखणी एवढे सहज होते. सगळीच मुले बाळू होणार नाहीत. पण धावलेले, पडून उठलेले मूल कोणासमोर मान खाली घालत नाही. अभ्यासालाही तेच अंग लागते.