पाठीवरचा तो मुलगा

झाशीच्या राणीचा पुतळा डोळ्यांसमोर आणा. उधळलेला घोडा, हातात तलवार आणि पाठीला बांधलेलं मूल. राणीचं नाव तुम्ही झोपेतही सांगाल. पण त्या मुलाचं? आणि पुढे काय झालं त्याचं?

मुळात तो आनंदराव. नेवाळकरांच्याच भाऊबंदकीतला, वय पाच. लक्ष्मीबाई आणि गंगाधररावांना १८५१ मध्ये मुलगा झाला होता, पण तो काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव अंथरुणाला खिळले आणि मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी आनंदरावाला दत्तक घेतलं. सगळं रीतसर, मेजर एलिस या इंग्रज अधिकाऱ्यासमोर. नाव ठेवलं दामोदर. म्हणजे बघा, एका दिवसात पोराचं घर बदललं, नाव बदललं आणि दुसऱ्या दिवशी नवे वडीलही गेले!

१८५४ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. यातली मेख अशी, की गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा वारस म्हणून दामोदर कंपनीला चालत होता. मुलगा म्हणून मान्य, राजा म्हणून अमान्य! आणि तो पैसाही तो सज्ञान होईपर्यंत सरकारच्याच ताब्यात. त्याच्या मुंजीसाठी त्यातली रक्कम काढायची, तर राणीला जामीन द्यावा लागला. स्वतःच्या लेकाच्या मुंजीला जामीन!

लक्ष्मीबाईंना हा प्रकार नवा नव्हता. त्या लहानपणीच आईला पारख्या झालेल्या, वाढल्या बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला. त्या बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब. त्यांनाही कंपनीने वडिलांची पेन्शन नाकारलीच होती.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी धारातीर्थी पडल्या. दामोदर तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा. आपले धडे इथेच संपतात, त्याची फरपट मात्र इथून सुरू होते. राणीच्या इमानी माणसांनी त्याला घेऊन जवळपास दोन वर्षं रानावनात काढली. पावसापाण्यात, आजारपणात, अंगावरचं किडूकमिडूक विकून. शेवटी १८६० मध्ये तो इंग्रजांच्या हवाली झाला. त्यांनी त्याला इंदूरला ठेवलं, शिक्षक नेमला, तुटपुंजी पेन्शन बांधून दिली. जी मालमत्ता सरकारनेच त्याची म्हणून मान्य केली होती, ती त्याला मोठेपणीही मिळाली नाही.

१९०६ मध्ये दामोदरराव इंदूरलाच वारले. त्यांचे वंशज आडनाव लावतात ‘झाशीवाले’.