अर्नेस्ट स्टार्लिंग

आजारी माणसाच्या सुजलेल्या पायावर बोट दाबले, तर कधी कधी तेथे खळगा पडतो आणि तो हळूहळू भरून येतो. ही सूज पाण्याची असते. हे पाणी रक्तातून बाहेर का येते, याचे कारण अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी शोधले.

स्टार्लिंग यांचा जन्म १८६६ साली लंडन येथे झाला. वडील बॅरिस्टर होते. ते मुंबईत सरकारी नोकरी करत, त्यामुळे काही वर्षांतून एकदाच घरी येत. अर्नेस्ट यांनी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. पण त्यांचे मन प्रयोगशाळेत रमले.

१८९२ साली ते जर्मनीत हायडेनहाइन या नामवंत शास्त्रज्ञाकडे गेले. ग्रंथीतून जसा स्राव पाझरतो, तसा केशवाहिन्यांच्या पेशी स्वतःच द्रव बाहेर टाकतात, असे हायडेनहाइन मानत. स्टार्लिंग तेथे काम शिकले. पण लंडनला परतून बेलिस या मित्रासोबत प्रयोग केल्यावर त्यांना हे मत पटेना. एवढ्या मोठ्या माणसाचे मत नाकारणे सोपे नव्हते.

केशवाहिनी केसाहूनही बारीक असते. तिच्या भिंतीतून पाणी व क्षार सहज जातात, प्रथिने मात्र सहसा जात नाहीत. रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो. मग आत कोण ओढते? स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या पायात मिठाचे पाणी भरले. ते रक्तात शोषले गेले. मग प्रथिने असलेला रक्तद्रव भरला. तो शोषला गेला नाही! म्हणजे पाण्याला ओढून धरणारी वस्तू प्रथिनेच होती. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. प्रयोग किती साधा, पण उत्तर केवढे!

हृदय दुबळे झाले की शिरांतील दाब वाढतो आणि पाय सुजतात. मूत्रपिंडाच्या काही आजारांत प्रथिने लघवीवाटे जातात, म्हणून डोळ्यांभोवती सूज येते. पुढे या सिद्धांतात एक दुरुस्ती झाली. बाहेर आलेले बरेचसे पाणी केशवाहिन्यांत थेट न परतता लसीकावाहिन्यांतून रक्तात येते, हे आता कळले आहे.

१९०२ साली स्टार्लिंग व बेलिस यांनी सिक्रेटिन शोधले. १९०५ साली स्टार्लिंग यांनी हॉर्मोन हा शब्द रूढ केला. तरीही नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. १९२७ साली समुद्रप्रवासात, जमैकाजवळ जहाजावरच त्यांचे निधन झाले.