ताऱ्यांचा प्रकाश वाचणारे हगिन्स

रात्री निरभ्र आकाशाकडे पाहताना तुमच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी आला असेल. हे तारे कशाचे बनले आहेत? जमिनीतला दगड आपण फोडून पाहू शकतो. विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. पण ताऱ्यापर्यंत कोण जाणार आणि त्याचा तुकडा कोण आणणार? फ्रान्समधील नामवंत विचारवंत ऑगस्त काँत यांनी १८३५ मध्ये असे मत मांडले होते की, ताऱ्यांचे अंतर आणि गती माणूस मोजू शकेल, पण ते कोणत्या पदार्थांचे आहेत हे त्याला कधीच कळणार नाही.

त्यानंतर तीस वर्षांच्या आतच हे कोडे सुटू लागले. ते सोडवणाऱ्यांमध्ये लंडनचे एक कापड व्यापारी होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि कोणत्याही सरकारी वेधशाळेत त्यांना नोकरी नव्हती. त्यांचे नाव विल्यम हगिन्स.

विल्यम यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांच्या वडिलांचे रेशमी व सुती कापडाचे दुकान होते. विल्यमला लहानपणापासून विज्ञानाची गोडी होती. विद्यापीठात जाऊन शिकावे असे त्याला वाटत होते, पण घरच्या व्यापाराची जबाबदारी त्याच्यावर आली. दिवसा तो दुकान सांभाळी आणि फावल्या वेळात सूक्ष्मदर्शक व दुर्बीण घेऊन बसे. अशी बरीच वर्षे गेली. अखेर १८५४ च्या सुमारास हगिन्स यांनी व्यापार विकून टाकला. चालता धंदा सोडणे ही सोपी गोष्ट नव्हती. पण पुढचे आयुष्य विज्ञानाला द्यायचे, असे त्यांनी ठरवले होते.

लंडनच्या दक्षिणेस टल्स हिल नावाच्या भागात ते राहू लागले. तेथे घराला लागूनच त्यांनी १८५६ मध्ये एक छोटी वेधशाळा बांधली. दोन वर्षांनी त्यांनी आठ इंच व्यासाचे एक उत्तम भिंग २०० पौंडांना विकत घेतले आणि त्याची दुर्बीण तयार करवून घेतली. ग्रह पाहावेत, त्यांची चित्रे काढावीत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पण हे काम तर अनेकजण करत होते. आपण काहीतरी नवे करावे, अशी तळमळ त्यांना लागून राहिली.

ती नवी वाट त्यांना लवकरच सापडली. इंद्रधनुष्यात सूर्यप्रकाशाचे सात रंग वेगवेगळे झालेले तुम्ही पाहिले आहेत. काचेच्या लोलकातून प्रकाश गेला तरी असाच रंगांचा पट्टा दिसतो. त्याला वर्णपट म्हणतात. सूर्याचा वर्णपट नीट पाहिला तर त्यात असंख्य बारीक काळ्या रेषा दिसतात. या रेषा कशामुळे पडतात, हे जर्मनीतील किरखॉफ या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये स्पष्ट केले. प्रत्येक मूलद्रव्याच्या स्वतःच्या ठरावीक रेषा असतात. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की ती पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा असतो. सोडियमच्या रेषा वर्णपटात ज्या जागी उमटतात, नेमक्या त्याच जागी सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा आहेत. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे!

ही बातमी ऐकून हगिन्स यांना फार आनंद झाला. सूर्यासाठी जी रीत चालते ती ताऱ्यांसाठी का चालू नये? त्यांचे शेजारी विल्यम मिलर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८६२ मध्ये दोघांनी मिळून काम सुरू केले.

पण काम कठीण होते. ताऱ्याचा प्रकाश अगदी क्षीण असतो. तो पसरून रंगांचा पट्टा केला की आणखी मंद होतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा सारखा सरकतो, म्हणून दुर्बीणही त्याच्या मागोमाग फिरवावी लागते. शिवाय लंडनचे आकाश ढगाळ आणि धुरकट होते. ताऱ्याच्या रेषांशी ताडून पाहण्यासाठी ते विजेच्या ठिणगीने निरनिराळे धातू पेटवत. त्यासाठी लागणाऱ्या बॅटऱ्यांमधून उग्र वासाचा वायू निघे. रसायनांच्या बाटल्यांनी भरलेली ती खोली वेधशाळा कमी आणि प्रयोगशाळाच जास्त वाटू लागली. तरीही दोघे रात्रीमागून रात्री काम करत राहिले.

१८६४ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले. रोहिणी ताऱ्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह आणि हायड्रोजन असल्याचे त्यांना आढळले. रोहिणीला इंग्रजीत अल्डेबरान म्हणतात. हे नाव अरबी भाषेतून आले आहे, हे तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आले असेल. इतक्या दूरच्या ताऱ्यातही आपल्या पायाखालच्या मातीतलीच द्रव्ये आहेत, हे माणसाला प्रथमच कळत होते.

त्याच वर्षी २९ ऑगस्टच्या रात्री हगिन्स यांनी आपली दुर्बीण कालेय नावाच्या तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वळवली. तेजोमेघ म्हणजे आकाशातील धूसर ढगासारखा ठिपका. हे ढग म्हणजे दूरच्या ताऱ्यांची गर्दी आहे की खरोखरच चमकणारा वायू, असा वाद बराच काळ चालू होता. हगिन्स यांनी पाहिले तर रंगांचा पट्टा नव्हताच. दिसत होत्या फक्त एक-दोन तेजस्वी रेषा. असा प्रकाश केवळ तप्त, विरळ वायूच देतो. वाद मिटला. मात्र देवयानीतील मोठ्या तेजोमेघाचा वर्णपट अखंड दिसला. म्हणजे सगळे ढग एकाच जातीचे नव्हते.

त्या हिरवट रेषांपैकी सर्वांत ठळक रेषा कोणत्याच ओळखीच्या द्रव्याशी जुळेना. पुढे एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे असे समजून त्याला नेब्युलियम हे नावही पडले. १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की, अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजनच ही रेषा देतो.

१८६८ मध्ये हगिन्स यांनी आणखी एक धाडस केले. तारा आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल, तर त्याच्या रेषा किंचित सरकतात. हे सरकणे मोजून त्यांनी व्याध ताऱ्याची गती काढली. अरबीत या ताऱ्याला शिअरा म्हणतात. व्याध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे, असे त्यांचे उत्तर आले. ते चुकले. व्याध प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे साडेपाच किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. नुसत्या डोळ्याने इतका सूक्ष्म फरक मोजणे अवघडच होते. पण त्यांची रीत अचूक होती. आज दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधण्यासाठीही ती वापरतात.

१८७५ मध्ये हगिन्स यांचा विवाह डब्लिनच्या मार्गारेट मरे यांच्याशी झाला. मार्गारेट यांना लहानपणापासून ताऱ्यांची आवड होती आणि छायाचित्रे काढण्याची कला अवगत होती. आता डोळ्याच्या मदतीला छायाचित्राची काच आली. तासन्‌तास प्रकाश साठवून ती डोळ्याला न दिसणाऱ्या रेषाही टिपू लागली. बरीच वर्षे या कामाखाली एकट्या विल्यम यांचेच नाव छापले जाई. १८८९ मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघावरचा निबंध मात्र दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. पुढच्या काळात अभ्यासकांनी वेधशाळेच्या वह्या तपासल्या, तेव्हा पानेच्या पाने मार्गारेट यांच्या हस्ताक्षरात आढळली. त्या केवळ मदतनीस नव्हत्या, बरोबरीच्या संशोधक होत्या, हे त्यांवरून स्पष्ट झाले.

१८९९ मध्ये पतिपत्नींनी ताऱ्यांच्या वर्णपटांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. १९०० ते १९०५ या काळात हगिन्स रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. एकेकाळचा कापड व्यापारी इंग्लंडमधील विज्ञानाच्या सर्वोच्च पदावर बसला. १२ मे १९१० रोजी त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी मार्गारेटही निवर्तल्या.

मित्रांनो, हगिन्स यांचे काम संपलेले नाही. आजही अनेक देशांत हौशी निरीक्षक घराच्या गच्चीवरून किंवा अंगणातून ताऱ्यांचे वर्णपट टिपतात आणि त्यांचा उपयोग मोठ्या वेधशाळांतील शास्त्रज्ञांना होतो. तुम्हीही एक सोपा प्रयोग करून पाहा. जुनी सीडी हातात धरून तिच्यात आधी पिवळ्या बल्बचा आणि मग ट्यूबलाइटचा प्रकाश पाहा. बल्बचे रंग सलग दिसतील, तर ट्यूबलाइटचे रंग तुटक दिसतील. असे का व्हावे, याचा विचार करा आणि तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. सूर्याकडे मात्र असे कधीही पाहू नका, कारण त्यामुळे डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.